होयबाची उलटतपासणी

आमच्या दादाला गल्लीत कुणी नावानं हाक मारत नाही. सगळे होयबा म्हणतात. पाठीमागे नाही, तोंडावर म्हणतात, आणि त्यालाही तो "हो" म्हणतो. मी त्याची धाकटी बहीण. माझ्या नाकावर माशी बसलेली मला चालत नाही, आणि हा गृहस्थ माशीला म्हणेल, बस हो, सावकाश बस. एकाच आईची लेकरं आम्ही, पण आईनं तिखट सगळं माझ्यात घातलं आणि त्याच्या वाट्याला नुसतं पाणी आलं.

दादाचं सलून आहे. खाली सलून, वर दोन खोल्या, त्यात आम्ही दोघं म्हातारी राहतो. वहिनी गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्य काढलं, लग्न केलं नाही. का केलं नाही, ते विचारू नका, विचारणाऱ्यांची नंतर पंचाईत होते. सलूनमध्ये दोन खुर्च्या. एकीवर गिऱ्हाईक बसतं, दुसरीवर वर्तमानपत्रांची रद्दी. दुसऱ्या खुर्चीचा कारागीर सोडून गेला तेव्हा दादाला विचारून गेला, "मी जाऊ ना?" दादा म्हणाला, "हो." नंतर महिनाभर जेवण गेलं नाही त्याला.

हा हो त्याच्या जिभेला कुठून चिकटला, ते सांगते. पोरवयात तो ज्या उस्तादाकडे हे काम शिकला, त्यानं पहिल्या दिवशी सांगितलं होतं, "हातात वस्तरा असताना वाद घालायचा नाही. वाद घातला की समोरचा हनुवटी हलवतो, आणि हनुवटी हलली की रक्त. बसलेल्यानं बोलायचं, उभ्यानं हो म्हणायचं." झालं. दादानं ते असं काही डोक्यात घेतलं की एक गिऱ्हाईक सरकारला शिव्या घालून उठायचं आणि दुसरं सरकारच्या आरत्या ओवाळत बसायचं, दोघांनाही हो. समोरच्या घरातले दोन भाऊ भिंतीवरून भांडले, दोघंही आठवड्याला दाढीला यायचे आणि दोघांनाही वाटायचं, होयबा आपल्या बाजूनं आहे. वहिनी म्हणायची, "यांना विचारलं, घराला आग लावू का, तर म्हणतील, हो, काडेपेटी फडताळात आहे."

पण एक गोष्ट लोकांच्या लक्षात आली नाही. दादा हो म्हणायचा आणि करायचा मात्र स्वतःला पटेल तेच. गिऱ्हाईक म्हणायचं, कानावरचे बारीक कर. हा म्हणायचा, हो. आणि ठेवायचा तेवढेच, जेवढे त्या डोक्याला शोभतील. त्याच्या हो चा अर्थ "ऐकलं" एवढाच. मला तो कळायला निम्मं आयुष्य लागलं. त्याच्या मुलाला कळलाच नाही, आणि तिथंच सगळं बिघडलं.

मुलगा, म्हणजे माझा भाचा. विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतो. पोरगं वाईट नाही, मी त्याला कडेवर घेऊन वाढवलाय. दादा एकदा जिन्यावरून घसरला, तेव्हापासून त्याच्या मनानं घेतलं की हे घर विकायचं आणि बाबांना आपल्याकडे न्यायचं. घराला एक गिऱ्हाईकही त्यानं आणलं, औषधांच्या दुकानाचा मालक. ते घर बघून गेलं. त्यानं दादाला विचारलं, "देणार ना?" दादा म्हणाला, "हो." भाच्यानं विचारलं, "माझ्याकडे याल ना?" "हो." तो गेल्यावर मी म्हटलं, "दादा, हे घर विकायचं नाही हं." "हो."

आणि मग कुणाला न सांगता दादानं काय केलं? मृत्युपत्र केलं. आपण आपला उठून गेला, दोन साक्षीदार जमवले, वर्तमानपत्रवाला आणि समोरच्या भांडकुदळ भावांपैकी थोरला, आणि लिहून ठेवलं की खालचं सलून मुलाला, वरच्या खोल्यांत माझी बहीण मरेपर्यंत राहील, तिच्यामागे त्याही मुलालाच. म्हणजे दादामागेही मी जिवंत असेपर्यंत घर विकणं अवघड. भाच्यानं एका रविवारी सहज विचारलं, "बाबा, मृत्युपत्र वगैरे केलंय का तुम्ही?" दादा म्हणाला, "हो." मग भाच्यानं ते वाचलं, आणि पोराचा चेहरा असा पडला की मलाच कसंनुसं झालं. "बदलाल ना हे?" त्यानं विचारलं. "हो." महिने गेले. बदलायचं नावच नाही.

आता तुम्हीच सांगा, पोराच्या जागी कुणीही असतं तर काय समजलं असतं? विकत घेणाऱ्याला हो, मुलाला हो, बहिणीला हो, आणि कागदावर भलतंच. त्याला वाटलं, बाबांचं डोकं गेलं आणि आत्या त्यांना नाचवतेय. त्यानं कोर्टात अर्ज केला. वारसाहक्काचे, मृत्युपत्राचे खटले जिथे चालतात त्या कोर्टात. अर्ज असा, की माझे वडील स्वतःचा कारभार बघायला असमर्थ आहेत, मला त्यांचा पालक नेमा.

पालक! ज्याला दादानं धरून चालायला शिकवलं, तो दादाचा पालक! नोटीस वाचून मी जिन्यातच बसले आणि एकटीच मोठमोठ्यानं बोलत राहिले. दादा खाली एका गिऱ्हाईकाचे कल्ले सारखे करत होता.

आमच्या वकिलीणबाईंनी नीट समजावलं. तरुण बाई, पण डोकं ठिकाणावर. म्हणाल्या, "एकदा पालक नेमला की काकांच्या सहीला किंमत उरणार नाही. कुठं राहायचं, सलून उघडायचं की नाही, सगळं मुलगा ठरवेल. घर विकायला कोर्टाची परवानगी मागेल आणि ती मिळेलही. आणि मृत्युपत्र अलीकडचंच आहे, तेव्हाही डोकं ठिकाणावर नव्हतं म्हणतील." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आत्या, तुमच्या डोक्यावरचं छप्पर पण यातच आलं. म्हणून तुमचं बोलणं कोर्ट जपूनच ऐकणार. काकांनाच बोलावं लागेल."

कोर्टानं तपासायला डॉक्टर पाठवले. डॉक्टर सज्जन माणूस. म्हातारा दवाखान्यात घाबरेल, त्यापेक्षा आपणच जावं, असा विचार करून ते सलूनमध्येच आले. चांगल्या हेतूनं आले हो, पण बसले कुठं? खुर्चीत! म्हणाले, "दाढीच करून घेतो, बोलता बोलता बघतो." दादानं गळ्याभोवती पांढरं कापड बांधलं, फेस केला, वस्तरा परजला. मी वरून जिना उतरत होते, तेव्हा शेवटचं शेवटचं कानावर पडलं.

"आज बुधवार ना?"

"हो हो, बुधवार."

शुक्रवार होता.

"दुकान जुनं झालंय, विकून टाकलेलं बरं, नाही का?"

"हो, बरंच."

"तुमच्या मिसेस वरती स्वयंपाकघरात असतील?"

"हो, असेल की."

 मी तशीच आत घुसले आणि ओरडले, "दादा! अरे वहिनीला जाऊन किती वर्षं झाली! काय बडबडतोयस?" अर्ध्या गालावर फेस असलेल्या डॉक्टरांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुम्ही मध्ये बोलू नका." मी म्हटलं, "मध्ये नको तर काय शेवटी बोलू? तुम्ही लिहून मोकळे झाल्यावर?" उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय. अहवालात आलं ते असं: वार सांगता येत नाही, पत्नी जिवंत असल्याचा समज, कुणीही काहीही सुचवलं तरी मान्य करतात, बहिणीचा मोठा दबाव. शेवटचं वाक्य माझ्या जिभेची कमाई.

डॉक्टर गेल्यावर मी दादाला धरलं. "आज वार कोणता?"

"शुक्रवार."

"मग बुधवार का म्हणालास?"

"अगं, वस्तरा गळ्यावर होता त्यांच्या." मी वेडी असल्यासारखा बघत होता माझ्याकडे.

वकिलीणबाईंना हे सांगितलं तर आधी त्या खूप हसल्या. मग एकदम हसायच्या थांबल्या. "हे मी सांगून कोर्टाला पटणार नाही. समोर लेखी अहवाल आहे. त्यांचे वकील उलटतपासणीत काकांना असेच प्रश्न विचारतील, ज्यांचं उत्तर प्रश्नातच ठेवलेलं असेल. काकांनी नाही म्हणायला हवं. स्वतःच्या तोंडानं."

मी म्हटलं, त्यात काय, शिकवते. घ्या! पालथ्या घड्यावर पाणी. सलून बंद केल्यावर मी मुद्दाम गिऱ्हाईकाच्या खुर्चीत बसायचे, म्हटलं, सवयीच्या जागी सराव होऊ दे. तो मागे उभा. मी वकिली आवाज काढायचे. "तुम्हाला काही आठवत नाही, खरं ना?" "हो." त्याच्या हातातला कंगवा काढून घेतला. "तुम्ही बहिणीच्या धाकात आहात?" "हो." तो तसा आहेच म्हणा, पण ते कोर्टात सांगायचं असतं का! कात्री, कंगवा, ब्रश, सगळं फडताळात कुलूपबंद केलं. "तुम्हाला वेड लागलंय?" "हो." शेवटी मला रडूच कोसळलं, त्या खुर्चीत, आरशासमोर. दादानं कोरडा टॉवेल आणून माझ्या हातात दिला.

"रडू नकोस गं. म्हणेन मी नाही."

"नक्की?"

"हो."

आता या हो चं मी काय करू, सांगा! रात्रभर माझा जीव टांगणीला. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आम्ही काय शहाणपणानं चढत होतो? आम्हाला ओढलं होतं.

त्या कोर्टाच्या बाहेर लांब व्हरांडा आहे आणि भिंतीला लागून बाकं. तिथं बसलं की आपोआप कळतं कोण कुणाचं. एकाच नाकाची माणसं दोन वेगवेगळ्या बाकांवर, एकमेकांकडे पाठ करून. दोन बहिणी आईच्या शिलाई मशीनवरून आल्या होत्या. दोघींच्याही कपड्यांवर दोरे होते, दोघींकडेही चांगली मशीन असणार. भाचा पलीकडच्या बाकावर. माझ्याकडे बघून मान हलवली त्यानं, मी तोंड फिरवलं. दादानं मात्र हात वर केला. म्हणाला, "जेवलास का रे?" समोरच्या पक्षकाराला! आमच्या वकिलीणबाईंनी कपाळाला हात लावला.

आत न्यायाधीशबाई होत्या. चष्मा, थकलेला चेहरा, आवाज बारीक पण कडक. दादाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केलं. पट्टेवाल्यानं खुर्ची पुढे केली तर हा म्हणतो, "नको नको, उभाच बरा." दिवसभर उभं राहायची सवय त्याला. दुसऱ्याच्या घरी गेला तरी तो आधी उभाच असतो.

समोरचे वकील उंच, रुबाबदार, बोलणं लोण्यासारखं. आवाज चढवणारा वकील असता तर मी एवढी घाबरले नसते. हा गोड बोलत होता.

"काका, बाहेर पाऊस पडतोय, भिजला नाहीत ना?"

बाहेर लख्ख ऊन. खिडकीतून दादाच्या अंगावरच पडलं होतं.

"हो... नाही, भिजलो नाही."

"म्हणजे पाऊस आहे."

"हो."

कुणीतरी फिसकन हसलं. 

"दुकानाचे व्यवहार आताशा झेपत नाहीत."

"हो."

"औषधांच्या दुकानवाल्याला घर देतो म्हणालात."

"हो."

"मुलाकडे राहायला जातो असंही म्हणालात."

"हो."

"आणि हे मृत्युपत्र बहिणीनं मागे लागून करून घेतलं. त्या जरा कडक आहेत, नाही?"

"हो."

मी उठलेच. "खोटं आहे! मला तर नंतर कळलं! दादा, तोंड शिवलंय का तुझं, बोल की!" न्यायाधीशबाईंनी पेन खाली ठेवलं. "बाई, खाली बसा. पुन्हा बोललात तर बाहेर पाठवीन." सगळं कोर्ट माझ्याकडे बघत होतं. समोरच्या वकिलांनी न्यायाधीशबाईंपुढे हात पसरले. म्हणाले, "मॅडम, वेगळा पुरावा द्यायची गरज आहे का?" तेवढं एकच वाक्य. मला दिसत होतं, दादाच्या सलूनला कुलूप, वरच्या खोल्यांतून माझी ट्रंक खाली येतेय, आणि दादा परक्या बाल्कनीत बसलाय, कुणी काही विचारलं की हो म्हणत.

न्यायाधीशबाई दादाकडे बघत होत्या. त्यानं पिंजऱ्याचा कठडा धरला होता. म्हातारा माणूस, किती वेळ उभा राहणार? त्या म्हणाल्या, "काका, खुर्चीत बसा."

"नको मॅडम, उभाच..."

"मी सांगते आहे. बसा. खाली पडलात तर आणखी एक कागद वाढेल."

तेव्हा तो बसला. त्यात त्या बाईंचा काही डाव नव्हता हो, त्यांना म्हाताऱ्याची दया आली होती, बस. पण मी त्याच्याकडे बघत होते म्हणून मला दिसलं. खुर्चीला हात होते. दादानं दोन्ही हात त्यावर ठेवले, पाठ टेकली, आणि मान थोडी मागे घेतली. असं बसलेलं मी त्याला कधी पाहिलंच नव्हतं. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मूर्ख बाई! सगळे दिवस स्वतः खुर्चीत बसून याला उभा ठेवलास आणि म्हणतेस नाही म्हण!

वकील उभेच होते. पुन्हा तेच गोड बोलणं. "तर, मृत्युपत्र बहिणीच्या सांगण्यावरून झालं, एवढं लिहून घेऊ."

"नाही," दादा म्हणाला.

 वकिलांनी हातातला कागद खाली घेतला.

"मघाशी हो म्हणालात, काका."

"म्हणालो."

"मग तेव्हा खोटं बोललात?"

"तेव्हा उभा होतो."

लोक हसले. न्यायाधीशबाई हसल्या नाहीत. "म्हणजे काय? मला सांगा."

"मॅडम, उभा असलो की मी काम करत असतो. कामावर असताना समोरच्याला नाही म्हणत नाही मी. तशी शिकवणच आहे." मग थोडं थांबून म्हणाला, "बहिणीला माहीतही नव्हतं. तिला सांगितलं असतं तर गल्लीभर झालं असतं."

हे ऐकून मी आनंदानं रडावं की त्याला बदडावं, मला कळेना.

वकील घसरलेलं सावरायला बघत होते. "डॉक्टरांना तुम्ही सांगितलंत, पत्नी स्वयंपाकघरात आहे. कुठं आहेत त्या?"

"ती गेली." दादाचा आवाज बसला. "डॉक्टरांची मान वर होती, वस्तरा गळ्याशी. ती गेली म्हटलं असतं तर त्यांनी वळून बघितलं असतं. कुणी गेल्याचं कानावर पडलं की माणूस वळून बघतोच. मग कापलं असतं."

डॉक्टर मागच्या बाकावर होते. न्यायाधीशबाईंनी विचारलं, तपासणी दाढी करताना केली का? ते उठून उभे राहिले, हो म्हणाले, आणि त्यांचा हात आपोआप गळ्याशी गेला.

वकिलांनी शेवटचा बाण काढला. "काका, तुमच्या मुलाचं तुमच्यावर प्रेम नाही, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"आहे. पुष्कळ आहे."

"मग त्यानं तुमचा सांभाळ केला तर हरकत काय?"

 पुढे सरकून दादा खुर्चीच्या काठावर आला. उठतोय की काय! मी मनातल्या मनात ओरडले, उठू नकोस रे, मेल्या, बस! तेवढ्यात भाचाच उभा राहिला. वकिलानं त्याच्या बाहीला धरलं, त्यानं सोडवून घेतलं.

"बाबा, मी तुमचं वाईट बघतो का हो?"

"नाही रे राजा."

"मग चला ना माझ्याकडे. पुन्हा जिन्यावरून पडलात तर? मला झोप लागत नाही."

या पोराला दादानं जन्मात कधी नकार दिलेला नाही. सायकल, परगावचं कॉलेज, लग्न, वहिनीच्या बांगड्या, मागायचा अवकाश, हो.  आता हा हो म्हणाला की संपलं, मग न्यायाधीशबाई काय, ब्रह्मदेव आला तरी काही करू शकणार नाही.

दादा परत मागे टेकला. "नाही," म्हणाला. "मी माझ्या घरी आहे. तिथंच राहीन. तू ये अधूनमधून." आणि मग हलक्या आवाजात, जणू तिथं ते दोघंच होते, "खाली बस बाळा, लोक बघतायत."

पोरगं बसलं. न्यायाधीशबाई बराच वेळ लिहीत होत्या. डॉक्टरांनी तपासणी कशी केली ते पुन्हा नीट विचारलं, दादाला वार, तारीख, घराचे हिशेब, मृत्युपत्रात काय लिहिलंय ते सगळं विचारलं. एके ठिकाणी दादा चुकला, तर म्हणाला, "आठवत नाही." तेही मोठ्या थाटात, पाय लांब करून. मग त्यांनी वाचून दाखवलं. त्यातलं मला एवढंच कळलं की अर्ज फेटाळला. मी आमच्या वकिलीणबाईंना अशी मिठी मारली की त्यांचा चष्मा वाकडा झाला.

बाहेर व्हरांड्यात आलो. मी तर हवेतच होते. भाच्याला चार शब्द सुनवायचे म्हणून मी पुढे झाले, पण त्याचा चेहरा बघून थांबले. तो पांढराफटक पडला होता. हरलेला माणूस असा दिसत नाही.

"आत्या, जरा थांब," तो म्हणाला. "बाबा, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचार."

"आईच्या ऑपरेशनच्या वेळी डॉक्टर म्हणाले होते, धोका आहे, तुम्ही ठरवा. मी बाहेर आलो आणि तुम्हाला विचारलं, करायचं ना बाबा? तुम्ही हो म्हणालात. मी आत जाऊन सही केली. आई परत आलीच नाही." त्याचा आवाज फुटायला लागला. "मला वाटलं, आपण दोघांनी ठरवलंय. इतकी वर्षं मी तेवढ्यावर काढली. तुमचा हो होता म्हणून. पण तुम्ही उभे होतात बाबा. दवाखान्यात, भिंतीला टेकून, तुम्ही उभे होतात."

 शिलाई मशीनवाल्या बहिणींचा पुकारा झाला, त्या आमच्यामधून वाट काढत आत गेल्या.

"सांगा ना. ते मनापासून होतं का?"

दादानं त्याच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले. सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"हो," म्हणाला. "मनापासून होतं."

भाच्यानं डोळे मिटले, मान हलवली, आणि लहानपणी टेकायचा तसं कपाळ दादाच्या छातीला टेकलं. दादा त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी वहिनीच्या उशाशी होते. ती दादाला म्हणाली होती, मला नको हो ती चिरफाड, मला घरी न्या, न्याल ना? आणि दादा तिलाही हो म्हणाला होता. ते ऐकणारी मी एकटीच उरले आहे. दादानं पोराच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी पिशवी उचलली आणि म्हटलं, चला, उशीर होतोय, सलून उघडायचंय.